दुकानातल्या आजींची टेस्ट ड्राइव्ह

मास्तर फक्त कोट शिवत. कुणी पँट शिवायला आणली की ते त्याला शेजारच्या गाळ्यात पाठवत, आणि तेही असं नाक मुरडून, की जणू त्यानं नळ दुरुस्त करायला सांगितलाय. खांदा, छाती, पाठ, बाही यापलीकडे त्यांना माणसात फारसा रस नव्हता. त्यांच्या लेखी माणूस कमरेशी संपत असे. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं तरी त्यांची नजर आधी खांद्याच्या शिवणीवर जाई आणि बोलणं संपेपर्यंत तिथंच राही.

"अहो, समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलत जा जरा," बायको म्हणे. "परवा शेजारच्या बाई मला विचारत होत्या, तुमचे मिस्टर रागावलेत का माझ्यावर?"

"रागावतोय कशाला? त्यांचा डावा खांदा पडलाय. बघवत नाही मला."

बायको शाळेची बस चालवायची. दिवसभर पोरांच्या गोंगाटावर आवाज चढवून तिचा गळाच तसा झाला होता. घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकत. बाई मनानं मोठी, पण जिभेला ब्रेक नाही. एक कॉलेजात जाणारी लेक होती, तिला दिसेल त्या वस्तूला टोपणनाव ठेवायची खोड. आणि मास्तरांची आई.

आई उंच, अंगानं भरलेल्या, पाठीत कधी न वाकलेल्या. टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, त्यामुळे फोनवर बोलताना अजूनही आवाजाला इस्त्री केल्यासारख्या बोलत. रोज सकाळी प्रार्थना झाली की त्या आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावत. ताई दुसऱ्या गावी राहायच्या. गाव काही लांब नव्हतं, सकाळी निघालं तर जेवायला पोचावं इतकंच. पण ताईंची नजर अधू होत होत आता गेल्यातच जमा होती, त्यामुळे त्या घर सोडत नसत. "तू ये गं एकदा," त्या फोनवर म्हणत. "आता दिसत तर नाही, पण हातानं चाचपून तरी बघीन तुझा चेहरा."

"येते ना," आई म्हणत, आणि फोन ठेवून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसत.

न जाण्याचं कारण सगळ्या घराला ठाऊक होतं, पण तोंडातून कुणी काढत नसे. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुखणं गेलं, पण एक गुडघा थोडासा वाकून तिथंच अडायचा, पुढं जायलाच तयार नाही. टाके काढून दवाखान्यातून घरी यायचं, तेव्हा जुन्या गाडीत त्यांना बसवताना जो प्रकार झाला, तो त्या विसरल्या नव्हत्या. सुनेनं पाय धरले होते, मुलगा मागून ढकलत होता, आणि पार्किंगमधला एक अनोळखी गृहस्थ मोठ्या उत्साहानं सूचना देत होता, "आधी डोकं घाला! डोकं गेलं की बाकीचं जातं!"

आई गाडीत गेल्या. घरी आल्या. आणि त्या दिवसापासून बाहेर पडायच्या बंद झाल्या. सून म्हणाली, चला, प्रार्थनेला तरी जाऊन येऊ, तर म्हणाल्या, "देवाला घरातलंही ऐकू येतं." नात म्हणाली, आजी, चल, नदीवर फिरून येऊ, तर म्हणाल्या, "नदी टीव्हीवर दाखवतात." फक्त एकदा, रात्रीची भांडी आवरताना, त्या सुनेला हळूच म्हणाल्या होत्या, "माझं काही म्हणणं नाही गं. पण मला पोत्यासारखं कोंबू नका."

पुढे ती जुनी गाडी भर चौकात बंद पडली ती पडलीच. भंगारवाल्यानं नेली तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. नवी घ्यायची ठरलं. मास्तरांनी आईच्या पुढ्यात खुर्ची ओढून शब्द दिला, "आई, नवी गाडी आली की पहिली फेरी मावशीकडे. आणि कोंबाकोंबी नाही. तू बसशील ती राणीसारखी. सगळं मापात बसवतो मी."

"बघू," आई म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना कळत असे.

शोरूम दुकानापासून आणि घरापासूनही चालत जाण्याच्या अंतरावर होतं. ऐपतीत बसणाऱ्या गाड्या तिथं दोनच निघाल्या. एक लांबट आणि बुटकी, जमिनीलगत पसरलेली. पण मागची डिकी अशी ऐसपैस की बघूनच मास्तरांचा जीव हरखला. ते शाळांचे ब्लेझर शिवत, आणि ब्लेझरचे गठ्ठे पोचवताना दर वेळी टेम्पोवाल्याची मनधरणी करावी लागे. दुसरी आखूड आणि उंच, सरळसोट उभी. आत माणसाला प्रशस्त, पण डिकीत दोन पिशव्या ठेवल्या की तिसरीनं मांडीवर यायचं.

लेकीनं दारातच बारसं उरकलं. "ती पाल. आणि तो डबा."

विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं. मध्यमवयीन, सभ्य माणूस. टाय नीट होता, पण कोट कंपनीनं दिलेला आणि दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. तो एअरबॅगबद्दल सांगत होता तेव्हा मास्तर एकटक त्याच्या उजव्या खांद्याकडे बघत होते.

"काही शंका आहे का सर?"

"बाही कुणी लावली ही?"

"सर?"

"अहो, त्यांना गाडीचं सांगू द्या!" बायको गरजली. शोरूममधली सगळी माणसं वळून बघायला लागली.

बायकोनं दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. पालीतून उतरली ती कंबर धरूनच. "ही काय गाडी आहे? रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखं वाटतं. पुढच्या सायकलवाल्याची चाकं तेवढी दिसत होती मला." डब्यातून मात्र हसत उतरली. "ही बरी आहे. उंच बसायला मिळतं. बसची धाकटी बहीण वाटते."

"आणि गठ्ठे कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?" मास्तर म्हणाले.

"गठ्ठ्यांसाठी गाडी घेतोय का आपण?"

"गठ्ठ्यांच्या जिवावर घेतोय."

झालं. चार दिवस घरात गाडीखेरीज विषय नाही. जेवताना गाडी, झोपताना गाडी. बायको पोळी वाढतानासुद्धा गिअर टाकल्यासारखी वाढायची. लेक दोन्हीकडून चिथवायची. आई नुसत्या ऐकत. शेवटी मास्तरांनीच तोडगा काढला, "हे बघ, गाडी कुणासाठी? आईसाठी. मग आई ठरवेल. तिला जी सोयीची ती घ्यायची. माझे गठ्ठे नाहीत आणि तुझी बसही नाही."

बायकोनं मान्य केलं. पण आई शोरूममध्ये यायला तयार होईनात.

"चार लोकांत मी गाडीत शिरायची प्रॅक्टिस करू? परत कुणीतरी सांगेल, आधी डोकं घाला. नको मला तो तमाशा."

"तुला यायची गरजच नाही आई," मास्तर एकदम म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की बायको सावधच झाली. हा उजेड तिच्या ओळखीचा होता.

दुकानात एक पुतळा होता, कोट चढवून बघायचा. आई कपड्यांच्या ट्रायललासुद्धा कधी दुकानात जात नसत. दोन्ही हात वर करून उभं राहणं त्यांना मानवत नसे. म्हणून त्यांचा कोट शिवायचा तेव्हा मास्तरांनी त्या पुतळ्यावर कापूस आणि चिंध्या भरून, पट्ट्या गुंडाळून त्याला हुबेहूब आईच्या मापाचं केलं होतं. खांदे तेच, छाती तीच, पाठीचा ताठाही तोच. कोट असा चपखल बसला की आई आरशासमोरून हलेनात. तेव्हापासून लेक त्या पुतळ्याला 'दुकानातल्या आजी' म्हणायची.

तर शनिवारी दुकानातल्या आजी टेस्ट ड्राइव्हला निघाल्या. मास्तरांनी त्यांना दांड्यावरून उतरवलं, अंगात आईंचाच कोट घातला आणि काखेत धरून रस्त्यानं चालू लागले. बायको दहा पावलं मागून येत होती, आपला ह्या माणसाशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. एका दुकानदारानं हाक मारून विचारलं, "मास्तर, कुठं पळवून नेताय?" मास्तर तसेच पुढं गेले. ते आईच्या कामाला निघाले होते.

विक्रेत्यानं पुतळ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि पोटासाठी काय काय करावं लागतं असा एक उसासा टाकला. "या," तो म्हणाला. आणि सवयीनं पुढं म्हणाला, "मॅडम पुढं बसणार का?"

"पुढंच. त्यांना मागं मळमळतं," मास्तर म्हणाले.

आधी डबा. आजींना सीटवर ठेवलं, पट्टा लावला. बायको गाडी चालवत होती, मास्तर मागे बसून झुकून झुकून बघत होते. पहिल्याच वळणावर आजी कलल्या आणि गिअरवर पडल्या. दुसऱ्या वळणाला खिडकीवर आपटल्या. मास्तर मागून ओरडले, "अगं हळू! आई आहे ती!"

"अहो, कापूस आहे तो!"

"मापानं आईच आहे!"

मग पाल. पालीची सीट खोल, खोलगट. आजी तिच्यात अशा मुरून बसल्या की वळण काय, खड्डा काय, जागच्या हलल्या नाहीत. दार लावलं तरी कोटाच्या बाहीला धक्का नाही. टप आणि डोकं यांच्यामध्ये वीतभर जागा. मास्तरांनी टेप काढून सगळीकडून मोजलं आणि तृप्त होऊन बायकोकडे बघितलं.

बायकोला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडत नव्हतं. आठवडाभर बस चालवून तिचं डोकं सुन्न झालं होतं. आणि दिल्या शब्दाला ती जागणारी होती. "ठीक आहे," ती म्हणाली. "आजींनी पालीला मत दिलं. संपलं." विक्रेत्यानं सोमवारी येऊन बुकिंग करा म्हणून सांगितलं आणि दुकानातल्या आजींना दारापर्यंत सोडायला आला.

मास्तरांना इतका आनंद झाला होता की पुतळा दुकानात ठेवायचंही भान राहिलं नाही. तसाच काखेत धरून ते घरी आले आणि आईच्या समोरच्या सोफ्यावर त्यांनी तो टेकवून ठेवला. दोघी आई समोरासमोर बसल्या. एकच अंग, फक्त कोट तेवढा एकीच्याच अंगात.

"झालं काम," मास्तर म्हणाले. "आई, तू लांबट गाडीत फर्स्ट क्लास बसतेस."

"मी?"

"म्हणजे ही. पण मापं तुझीच ना. आत शिरताना कुठं अडली नाही, डोकं लागलं नाही, काही नाही. वळणावर इकडची तिकडे झाली नाही."

आईंनी चष्मा लावला. समोरच्या पुतळ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खाली, म्हणजे कोट संपतो तिथपर्यंत. त्याच्या खाली सोफाच होता.

"बरोबर आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि पाय कुठं ठेवले तिनं?"

मास्तर पुतळ्याकडे बघत राहिले. कितीतरी वर्षं ज्याच्यावर हात फिरवला, त्या पुतळ्याला पाय नाहीत हे त्यांना आत्ता दिसत होतं. बायकोच्या तोंडून आधी एक बारीक आवाज निघाला, चहाच्या किटलीसारखा, आणि मग ती जी हसत सुटली ती भिंतीला टेकली, भिंतीवरून खुर्चीवर आली आणि खुर्चीवरून जमिनीवर. लेक दुसऱ्या खोलीतून धावत आली आणि काय झालं ते कळायच्या आधीच हसायला लागली.

"अरे, ऑपरेशन माझ्या खांद्याचं झालं होतं का?" आईंनी विचारलं. "अडतो तो गुडघा. आणि तुझी ही आई कमरेला संपली आहे!"

मास्तर हसले नाहीत. ते उठून आत गेले, परत आले, पुन्हा आत गेले. मग टेप घेऊन बाहेर आले आणि आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले.

"पाय पुढं कर."

"कशाला?"

"माप घेतो."

"तुला येतं का खालचं माप?" बायको जमिनीवरूनच म्हणाली. "शेजारच्या गाळ्यातल्या मास्तरांना बोलावू का?"

"तू गप्प बस जरा."

आईंनी पाय पुढं केला. मास्तरांनी टाच धरली. त्यांचा हात थोडा अवघडला. ह्या पायांवर डोकं ठेवून ते लहानपणी झोपले होते, पण मापं घ्यायला लागल्यापासून त्यांनी खाली कधी बघितलंच नव्हतं. गुडघ्यावरची टाक्यांची रेघ त्यांनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. पाय हळूच वाकवून बघितला. एका ठिकाणी तो थांबला, आणि आईंच्या तोंडावरून काहीतरी सरकून गेलं.

"दुखतं?"

"दुखत नाही. तिथं संपतं."

मास्तरांनी टेप लावला: तळव्यापासून मांडीपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, वाकवून आणि न वाकवता. आकडे मोठ्यानं म्हटले नाहीत. उठताना म्हणाले, "पालीची सीट ह्याच्या पुष्कळ खाली आहे. तुला तिच्यात पडावं लागलं असतं. आणि उठायला आम्ही दोघं लागलो असतो." थोडं थांबून म्हणाले, "परत."

आईंनी पाय मागं घेतला. सून हसायची थांबून डोळे पुसत होती.

"सोमवारी मी येते," आई म्हणाल्या.

सगळ्यांनी एकदम वर बघितलं.

"येते म्हटलं ना. पण अट आहे. कुणी हात लावायचा नाही. आणि कुणी बघायचं नाही."

सोमवारी आई काठी टेकत, पाठ ताठ ठेवून चालत शोरूमला गेल्या. सकाळच्या प्रार्थनेत त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या होत्या, पण काय मागितलं ते कुणी विचारलं नाही. विक्रेता पुढं आला. त्यानं एकवार आईंकडे आणि एकवार त्यांच्या कोटाकडे बघितलं, आणि कोट ओळखून तो जरासा चपापलाच.

"ह्या खऱ्या," लेक म्हणाली.

आईंची अट विक्रेत्याला समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. मग मास्तर, बायको, लेक आणि विक्रेता असे चौघं भिंतीकडे तोंड करून ओळीनं उभे राहिले. भिंतीवर गाडीच्या रंगांचा तक्ता होता. चौघंही तो मन लावून वाचत असल्यासारखे उभे होते. दोन गिऱ्हाइकं दारातून आत आली, हे बघितलं आणि उगाचच आवाज खाली आणून बोलू लागली.

मागे पालीचं दार उघडल्याचा आवाज झाला. काठी फरशीवर टेकली. मग शांतता. मग कुठंतरी कापडाची सळसळ, एक दबलेला श्वास, आणि पुन्हा काठी.

"आई?" मास्तर भिंतीला म्हणाले.

"वळायचं नाही! ही नको. विहिरीत उतरल्यासारखं वाटतं."

दार लागलं. काठीचा आवाज सावकाश दुसरीकडे गेला. बायकोनं डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते. एरवी इतकी मोठ्यानं बोलणारी बाई, पण देवाशी ती नेहमी असंच मनातल्या मनात बोलायची. मास्तरांनी तक्त्यावरचा करडा रंग पुन्हा पुन्हा वाचला. डब्याचं दार उघडलं. काठी एकदा वाजली. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही, की विक्रेत्यानंसुद्धा श्वास धरला.

आणि दार लागलं. धाडकन नव्हे, चांगलं भरदार, घरातलं दार लावावं तसं.

"वळा."

चौघं वळले. आई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. सरळ, ताठ, दोन्ही हात काठीच्या मुठीवर. अडणारा पाय पुढं, चांगला पाय त्याच्या शेजारी. त्यांनी काच खाली केली.

"टेकलं, वळले, पाय आत घेतले," त्या म्हणाल्या, कुणी कृती विचारल्यासारख्या. "थांबा, उतरून दाखवते."

"अहो आई, नको, कशाला..." सून म्हणाली.

पण त्या उतरल्या. आणि परत बसल्या. आणि परत उतरल्या. आता बघायला त्यांची काही हरकत नव्हती. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा त्या दोन गिऱ्हाइकांनी टाळ्याच वाजवल्या, आणि आईंनी टेलिफोन खात्यातल्या आवाजात त्यांना "धन्यवाद" म्हटलं.

मास्तर मागं जाऊन डिकी उघडून उभे राहिले. आत हात घालून बघितला. हात लगेच टेकला. ब्लेझर, टेम्पोवाला, पावसाळा, परीक्षा संपून शाळा उघडायची गर्दी, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. बायको शेजारी येऊन उभी राहिली. काही टोमणा मारील असं वाटलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "मागची सीट पाडता येते. मी विचारलंय. आणि नाही मावले तर दोन फेऱ्या मारू. मी मारीन."

मास्तरांनी डिकी लावली. "हीच," ते विक्रेत्याला म्हणाले. "आणि तुमचा कोट घेऊन दुकानात या एकदा. तो खांदा मला सहन होत नाही."

विक्रेत्यानं रिवाजाप्रमाणं शेवटची टेस्ट ड्राइव्ह दिली. बायको चालवायला, आई पुढं, मास्तर, लेक आणि विक्रेता मागं, कोपराला कोपर लावून. शोरूमच्या मागच्या रस्त्यानं एक वळसा घालून परत यायचं, अशी पद्धत होती.

पहिला कोपरा आला तेव्हा विक्रेता म्हणाला, "मॅडम, इथून डावीकडे घेतलं की आपण परत शोरूमला."

बायकोनं शेजारी बघितलं. आई समोर रस्त्याकडे बघत होत्या. दवाखान्यातून घरी आल्यापासून त्यांनी हा रस्ता बघितला नव्हता. कुठल्याशा दुकानाची पाटी बदलली होती, एका घराला नवा रंग लागला होता, आणि त्या सगळं मान वळवून वळवून बघत होत्या.

"आई, वळवू का?"

"घाई आहे का तुला?"

"मला नाही. शोरूमच्या साहेबांना असेल."

आईंनी मागं न बघताच विचारलं, "का हो, तुम्हाला घाई आहे?"

विक्रेत्यानं घड्याळाकडे बघितलं. मग मास्तरांकडे बघितलं. मास्तर, आयुष्यात पहिल्यांदाच, त्याच्या खांद्याकडे न बघता सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होते.

"नाही आजी," तो म्हणाला. "घाई कसली?"

"मग सरळ जाऊ दे," आई म्हणाल्या, आणि पर्समधून फोन काढून त्यांनी ताईंचा नंबर लावला.